मास्टर की मेन? गिटमधल्या एका ओळीची गोष्ट

(पडद्यावर टर्मिनल)

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन. रिकाम्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट' ही आज्ञा चालवली, की आत 'डॉट गिट' नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. त्यात 'हेड' नावाची फाइल. साध्या नोटपॅडमध्येही उघडेल अशी. आत एकच ओळ, आणि त्या ओळीच्या शेवटी ब्रँचचं, म्हणजे कामाच्या एका शाखेचं, नाव. वर्षानुवर्षं तिथे 'मास्टर' असायचं.

गंमत म्हणजे ही ब्रँच अजून अस्तित्वातच नसते. पहिला कमिट झाला, म्हणजे बदल पहिल्यांदा जतन केले, की मग त्या नावाची नोंद होते: चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या कमिटची ओळखखूण, बस्स. गिटच्या लेखी ब्रँच म्हणजे एवढंच.

गिटचा जन्म एप्रिल २००५ मधला. बिटकीपर हे अशाच कामाचं साधन फुकट वापरायची सोय बंद झाली, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी, स्वतःच नवं साधन लिहिलं. 'मास्टर' हे नाव मात्र त्या काळात गिटला हातभार लावणारे चेक प्रोग्रॅमर पेत्र बाउडिस यांनी निवडलेलं. 'मेन' ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

(मिनिआपोलिसमधल्या निदर्शनांची दृश्यं)

२५ मे २०२०. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिका पेटून उठली. संगणकक्षेत्रातल्या 'मास्टर-स्लेव्ह' (मालक-गुलाम) या जोडशब्दावर पुन्हा बोट ठेवलं गेलं. गिटमध्ये 'स्लेव्ह' कुठे आहे, असं काहींचं म्हणणं. वाद चिघळला. गिटने त्यातून काढलेली वाट मला तरी शहाणपणाची वाटते: नाव तेच ठेवलं, पण बदलायची मुभा दिली. २७ जुलै २०२० ला आलेल्या २.२८ आवृत्तीत 'इनिट डॉट डिफॉल्टब्रँच' ही सेटिंग आली.

गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवायची जागा असलेल्या गिटहबने मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपॉझिटरींसाठी, म्हणजे प्रोजेक्टच्या साठ्यांसाठी, थेट 'मेन' लावलं. आणि इथून नवशिक्यांची पंचाईत सुरू झाली.

(पडद्यावर गिटहबचं पान)

हे पाहा. गिटहबवर रीडमी या माहितीच्या फाइलीसकट रेपॉझिटरी बनवली, तिथे 'मेन'. लॅपटॉपवर गिट इनिट केलं, इथे 'मास्टर'. 'मेन' पुश करायला, म्हणजे गिटहबवर पाठवायला, जावं तर तांबडी ओळ येते, की त्या नावाचं काही सापडतच नाही. वैतागून 'मास्टर' पुश केलं, तर तेही बिनबोभाट जातं! मग पान उघडल्यावर दिसतो फक्त रीडमी. कोड गेला कुठे? तो आहे तिथेच, शेजारच्या ब्रँचवर. दोन्हींचा इतिहास वेगळा, एकमेकींशी काही संबंध नाही.

उपाय एका ओळीचा. 'गिट कॉन्फिग', पुढे 'ग्लोबल' हा पर्याय, सेटिंगचं नाव आणि शेवटी 'मेन'. झालं. पण ही सेटिंग फक्त यापुढच्या रेपॉझिटरींना लागू. जुन्यांना ती हात लावत नाही.

जुन्या ब्रँचचं नाव बदलणं गिटमध्ये चुटकीसरशी होतं; खरं काम बाहेर असतं. गिटहब उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) नव्या नावाकडे वळवतं, पण सहकाऱ्यांच्या मशीनवरच्या प्रती ज्याच्या त्याने बदलायच्या. आणि एखाद्या बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम आपोआप तयार करण्याच्या, फाइलमध्ये 'मास्टर' राहून गेलं, तर एरर वगैरे काही येत नाही. बिल्ड नुसती सुरूच होत नाही. म्हणून नाव बदलण्याआधी अख्ख्या प्रोजेक्टमध्ये 'मास्टर' शोधून घ्यावं.

टॉरव्हाल्ड्स यांच्या लिनक्स कर्नलची मुख्य ब्रँच अजूनही 'मास्टर'च आहे. गिटने मात्र ३.० आवृत्तीपासून 'मेन' हेच डिफॉल्ट करायचं ठरवलंय.