कोटाच्या आतला उन्हाळा

नमस्कार श्रोतेहो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा अग्निशमन सप्ताह. नाशकात तो नेमका उन्हाच्या तडाख्यात येतो.

आमच्या शेजारचे काका दलातून निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलेली ही हकिकत. मे महिन्यातली दुपार, अंबडच्या बाजूला गोदामाला आग लागल्याची वर्दी. काका तेव्हा लीडिंग फायरमन. आत गेलेला एक तरणाबांड पोरगा ब्रँच, म्हणजे पाइपाचं पाणी उडवणारं तोंड, धरूनच दारापर्यंत मागे आला, मास्क काढला आणि विचारतो, "साहेब, पाणी सुरू झालं का?" ब्रँच त्याच्याच हातात, पाणी धो धो उडतंय! काका म्हणाले, सुरू आहे रे. घटकाभरानं पुन्हा तेच, "साहेब, पाणी सुरू झालं का?" काका म्हणाले, सिलिंडरचा काटा वाच. पोरगा काट्याकडे नुसता बघत राहिला. हवा किती उरली, सांगता येईना. वर म्हणतो, "मला काही झालं नाही, परत आत जातो." काकांनी त्याचा कोट उतरवला, सावलीत बसवलं, वॉचमनकडून बादली आणवली आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले. पोरगा चिडला, हात झटकायला लागला. काकांनी धरून ठेवले. बऱ्याच वेळानं तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी बाहेर कधी आलो?"

काय झालं होतं? कोट, बूट आणि बीए सेट, म्हणजे श्वासासाठीचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, मिळून वीस किलोच्या वर ओझं. घाम गळतो, पण कोटात वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. 37 अंशांचं शरीर 39 कडे चढतं. हृदयाला स्नायूंनाही रक्त पुरवायचं असतं आणि कातडीलाही, त्यात घामानं रक्तातलं पाणी कमी झालेलं. सवयीची कामं हात करत राहतात. आठवण आणि निर्णय आधी ढासळतात. पुन्हा सांगते, आठवण आणि निर्णय आधी. आणि ते ज्याचं त्याला कळत नाही! बाहेर आल्यावरही आतला ताप थोडा वेळ चढतच राहतो. तळहातांतून रक्त लवकर थंड होतं, म्हणून ती बादली.

जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बंब अडला की जवान तेवढा पाइप ओढत उन्हात पळतो, आगीत शिरण्याआधीच तापतो.

तुमच्या गल्लीत बंब आला तर पाण्याच्या बादल्या भरून सावलीत ठेवा. बाहेर आलेला जवान तेच तेच विचारू लागला, तर लगेच त्याच्या साहेबांना हाक मारा.