देशपांडेराव कोणी म्हणतं का?

नमस्कार मंडळी.

मागून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा फार लांबण लावत नाही. आधी मला सांगा, जर्मनीत आल्यापासून कोथिंबिरीची जुडी तुर्की दुकानातून आणणारे किती जण आहेत? सगळेच. आणि त्या दुकानदाराला नावाने हाक मारणारे? दोन हात दिसतायत.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार आणण्याचा करार केला. तेव्हापासून ही मंडळी आपली शेजारी आहेत, आणि मला त्यांच्या नावांचा नाद लागला तो मात्र माझ्याच एका फजितीमुळे. इस्तंबूलच्या एका सहकाऱ्याला मी पहिलीच ईमेल धाडली ती 'यल्माझ बेय' अशी, आडनावाला आदरार्थी 'बेय' जोडून. त्याने हसत फोन केला. बेय लागतो तो पहिल्या नावाला: अहमेत बेय, मेहमेत बेय. बाईमाणूस असेल तर फातमा हानम. आडनावाला कधीच नाही. मी कपाळावर हात मारला. आपणही वसंतराव म्हणतो, सुमनताई म्हणतो. देशपांडेराव कोणी म्हणतं का?

मुळात या लोकांना आडनावं मिळून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी अमक्याचा मुलगा तमका, नाहीतर गावावरून, धंद्यावरून, अंगच्या खोडीवरून पडलेलं नाव. जून १९३४ मध्ये आडनावाचा कायदा झाला. तो २ जानेवारी १९३५ पासून लागू झाला आणि आडनाव घ्यायला दोन वर्षांची मुदत मिळाली. नाव तुर्की हवं. आर्मेनियन 'यान', ग्रीक 'पुलोस', फारसी 'झादे' अशी शेपटं चालणार नाहीत, असा दंडक. आर्मेनियन भाषातज्ज्ञ हागोप मार्तायान यांचं आडनाव झालं दिलाचार, म्हणजे 'भाषा उलगडणारा'. हे नाव फारच सुंदर आहे, पण ज्यांचं पिढीजात नाव असं दाराबाहेर राहिलं त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

तुर्की सेनापती इस्मेत पाशांनी १९२१ मध्ये ज्या इनोनू गावापाशी लढाया जिंकल्या, ते गावच त्यांचं आडनाव झालं. तुर्की प्रजासत्ताक उभारणाऱ्या केमाल पाशांच्या मानसकन्येला, साबिहाला, मिळालं 'गोकचेन'. गोक म्हणजे आकाश. गंमत अशी, की आडनाव आधी आलं आणि विमान चालवायला ती नंतर शिकली. लेखिका हालिदे एदिप यांचं आडनाव आदवार. अर्थ काय, तर 'नाव आहे'!

सामान्य माणसांनीही हौसेने शूर नावं घेतली. यल्माझ म्हणजे न डगमगणारा, कोर्कमाझ न भिणारा, सोन्मेझ न विझणारा. देमिर लोखंड, काया खडक. आणि आपलं 'कर' त्यांच्याकडे 'ली' होऊन भेटतं: कोन्याली म्हणजे आपल्या भाषेत कोन्याकर. धंद्याला 'जी' किंवा 'ची'. देमिर्जी लोहार, एकमेकची पाववाला, तोपचू तोफा डागणारा. हा 'ची' ऐकल्यासारखा वाटतो ना? आपल्या तोपची-मशालचीतला तोच. तोफ हा शब्दही मूळचा तुर्कीच. विजापूरची मुलुखमैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ज्याने ओतली, त्या मुहम्मद बिन हुसेनच्या नावापुढे 'रूमी' लागतं. रूमी म्हणजे उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, मुलखातला.

आता खरी गोष्ट. २४ नोव्हेंबर १९३४ ला संसदेने मुस्तफा केमाल यांना अतातुर्क हे आडनाव दिलं आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या कायद्याने पदव्याच काढून टाकल्या. एफेंदी, बेय, पाशा, हानम, आगा, होजा, मुल्ला, सगळ्या. त्याऐवजी नावाआधी पुरुषाला 'बाय' आणि स्त्रीला 'बायान' लावायचं ठरलं. हे शब्द पुढे सर्वांत ठळक कुठे दिसले, तर सार्वजनिक शौचालयांच्या दारांवर. बोलताना लोक बेय आणि हानमच म्हणत राहिले. आपण तरी काय, मराठीत अजून केमाल पाशाच म्हणतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो 'आबी'. दुकानात कान देऊन ऐका, दर दुसऱ्या वाक्यात आबी. म्हणजे दादा. लिहिताना तो 'आगाबेय', बोलताना घासून आबी झालेला. आगा अधिक बेय! कायद्याने काढलेल्या दोन पदव्या एकमेकींना चिकटून थोरल्या भावाच्या नावाने घरात राहिल्या, आणि तिथे कोण हात लावणार?

नात्यांच्या हाका तर थेट आपल्याच. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला आमजा, म्हणजे काका. मित्राच्या बायकोला येंगे, वहिनी. आणि वयस्कर बाईला तेय्झे. यावर जरा थांबा. आत्यासाठी त्यांच्याकडे हाला हा वेगळा शब्द आहे. तेय्झे म्हणजे आईची बहीण, मावशीच. पुण्यात भाजीवालीला आत्या म्हणून कोणी हाक मारत नाही, मावशीच म्हणतात. तिकडेही तसंच.

मागच्या उन्हाळ्यात आई इथे आली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती वांगी एकेक दाबून, देठ बघून निवडत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे रांग लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार मात्र गल्ल्यामागून उठून आला, खोक्यातली खालची कोवळी वांगी काढून तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "बुयुर, तेय्झे." घ्या, मावशी. मी अर्थ सांगितला. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "मग भाच्याला विचार, मावशीला भावात काही कमी करतोस का."