आडनाव राहू दे, गाव सांगा

नमस्कार श्रोतेहो.

माझी धाकटी सून डेन्मार्कची. गेल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरी, जटलंडमधल्या एका खेड्यात राहायला गेले होते. तिच्या आजींनी एक पिवळा पडलेला फोटो माझ्या हातात दिला. "हे माझे पणजोबा. यांच्या मागचं कुणालाच ठाऊक नाही." रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर उजेड होता. आम्ही तिघी लॅपटॉपसमोर बसलो.

तिकडे चर्चच्या वह्या आहेत. राजा चौथा ख्रिश्चन याने १६४५-४६ मध्ये फर्मान काढलं, की पाद्र्यांनी आपापल्या पॅरिशमधले, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या गावांमधले, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. डेन्मार्कच्या सरकारी पुराभिलेखागाराने, म्हणजे रिग्सआर्किवेटने, त्या वह्यांची पानं इंटरनेटवर चक्क फुकट खुली केली आहेत.

मी लगेच आडनाव सांगायला लागले. सूनबाई म्हणाली, "आई, आडनाव राहू दे. आधी गाव." तिकडे पूर्वी बापाच्या नावावरून दर पिढीला आडनाव बदलायचं. हान्सचा मुलगा येन्स, तो येन्स हान्सन. येन्सचा मुलगा पेडर, तो पेडर येन्सन. मुलगी झाली तर येन्सडॅटर. १८२८ साली सरकारने कायमचं आडनाव ठरवायला सांगितलं खरं, पण खेड्यापाड्यांत ते रुळायला पुढे कित्येक वर्षं गेली. गाव कळायला जनगणनेचे तक्ते उपयोगी पडतात, कारण १८४५ पासून त्यांत जन्माची पॅरिशही लिहायचे. फोटोतल्या पणजोबांचे वडील आम्हाला असेच सापडले, आणि मग त्यांचा १८१९चा बाप्तिस्मा.

त्या काळापर्यंत छापील रकाने आले होते. वह्याही दोन झाल्या होत्या; एक पाद्री लिही, दुसरी चर्चचा कारकून. दोन्ही वह्या एका छपराखाली रात्रभर ठेवायच्या नाहीत असा नियम होता. आग लागली तर एक तरी वाचावी! ही काळजी मला फार भावली.

श्रोतेहो, त्या नोंदीतला साक्षीदारांचा रकाना अजिबात सोडू नका. बाळाला चर्चमध्ये हातात धरून उभी होती बाळाची मावशी, आणि तिच्यापुढे तिचं गाव लिहिलेलं होतं. म्हणजे आईचं माहेर कळलं.

त्या गावची १७९३ची वही उघडली. रकाने नाहीत, अक्षर जुनं गॉथिक वळणाचं, शाई उडालेली. तारीखही नाही, "ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार" एवढंच. ट्रिनिटी हा ईस्टरनंतर येणारा चर्चचा सण. आपण तिथीवरून तारीख काढतो ना, तसं त्या वर्षीच्या ईस्टरवरून मोजत जायचं. त्या आईच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. बापाचं नाव होतं, बाळाला धरणाऱ्या बाईचं होतं, साक्षीदारांची होती. बाळाला जन्म देणारीचं मात्र नव्हतं. जुन्या वह्यांत पुष्कळदा असंच असतं. मला फार लागलं ते.

पण १८०१च्या जनगणनेत घराघरातलं प्रत्येक माणूस नावानिशी मोजलं आहे. गाव काढलं, बापाचं घर काढलं. त्याच्या खाली त्याची बायको, तिचं वय, आणि तिच्याही खाली आठ वर्षांची आमची मुलगी.

आजींनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ वाकल्या आणि त्या बाईचं नाव मोठ्याने वाचलं. थांबल्या, आणि परत एकदा वाचलं.