ट्रेनर निवडताना पहिला तास

व्यायाम सुरू करायचा ठरला की आपण आधी फीची चौकशी करतो, मग वेळेची. ट्रेनर कोण असेल, हा प्रश्न बहुतेक जण पैसे भरून झाल्यावर विचारतात आणि तोपर्यंत त्या वेळेला जो मोकळा असेल तो वाट्याला आलेला असतो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच वजने उचलायला निघालेल्या मंडळींनी तरी हा क्रम बदलावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. कारण खांदा किंवा कंबर धरून माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येणाऱ्यांत अशी मंडळी बरीच असतात.

कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पोरगा कोवळ्या वयात दाखल होतो आणि त्याचा खांदा, त्याची कंबर, त्याचा खुराक हे सारे वस्तादाच्या डोळ्यांसमोर वाढते. वस्तादाला त्याच्याविषयी फारसे विचारावे लागत नाही. जिममधल्या ट्रेनरसमोर मात्र पन्नाशीचा अनोळखी माणूस उभा असतो. त्याला रक्तदाबाची गोळी चालू असते, कधीकाळी गुडघा दुखावलेला असतो, आणि यांतले काहीही वरून दिसत नाही. ते कळण्याचा मार्ग विचारणे हाच आहे. म्हणून ट्रेनरचे दंड पाहण्यापेक्षा पहिल्या तासात तो काय विचारतो, हे पाहावे.

यासाठी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. हृदयाचा त्रास, छातीत दुखणे, चक्कर, सांध्यांची दुखणी, चालू औषधे अशा गोष्टी तीत विचारलेल्या असतात. चांगला ट्रेनर ती नुसती भरून घेऊन फाइलला लावत नाही, उत्तरांवरून पुढचे विचारतो. उदाहरणार्थ, २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याची पद्धत जिममध्ये सर्रास चालते. पंचावन्न वर्षांच्या माणसासाठी ती १६५ येते. पण तो माणूस मेटोप्रोलोलसारखे रक्तदाबाचे औषध घेत असेल, तर त्याची नाडी त्या औषधामुळेच फार वाढत नाही, आणि घड्याळातला आकडा गाठण्यासाठी त्याला पळवत राहणे धोक्याचे ठरते. हे जाणणारा ट्रेनर आकडा बाजूला ठेवतो आणि त्याला बोलते करतो. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला म्हणजे व्यायाम मध्यम तीव्रतेचा झाला. तसेच इन्सुलिन घेणाऱ्याला ‘शेवटचे कधी खाल्लेत?’ असे न विचारता व्यायामाला लावणारा ट्रेनर मी तरी नाकारीन.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. डॉक्टरला जशी कायद्याने नोंदणी लागते तशी आपल्या देशात ट्रेनरला लागत नाही, त्यामुळे भिंतीवरची चौकट पुरेशी नाही. एसीई, एसीएसएम अशा ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या प्रमाणपत्रांचे दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणून त्यावरची मुदत वाचावी आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याचे, प्रशिक्षण झाले आहे का, हेही स्पष्ट विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

शक्य असेल तर एक तास चाचणीपुरता मागून घ्यावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे हा व्यायाम बहुधा पहिल्याच दिवशी करून घेतात. त्या वेळी ट्रेनर कुठे उभा राहतो, ते पाहा. तो बाजूला आणि मग समोर येऊन पाहतो का? उठताना गुडघे आत वळतात, टाचा सुटतात, आणि ताकद लावण्याच्या भरात माणूस श्वास कोंडून धरतो, ज्याने रक्तदाब एकदम चढतो. हे टिपून जो खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवतो, ‘उठताना श्वास सोडा’ असे सांगतो आणि हात लावून बदल करण्याआधी परवानगी घेतो, त्याला काम कळते. जो मोबाइल पाहत ‘अजून पाच’ म्हणतो, त्याला दुसरा तास देऊ नये. पावडर आणि इंजेक्शनचा विषय त्याने स्वतःहून काढला, तर तिथूनच उठावे. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड ही स्नायू फुगवणारी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे हा गुन्हा आहे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण रोज ट्रेनर लागतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. चालणे आपले आपण करता येते. ट्रेनर त्या दोन दिवसांपुरता घेतला तरी चालतो. वर्षाचे पॅकेज स्वस्त पडते म्हणून एकदम घेऊ नये, आधी एका महिन्याचेच पैसे भरावेत. महिनाअखेरीस त्याची वही मागावी आणि उचललेले वजन, केलेल्या आवर्तनांची संख्या, दुसऱ्या दिवशी काय दुखले याची नोंद तीत आहे का, आणि त्या नोंदीप्रमाणे पुढचा व्यायाम बदलला आहे का, हे पाहूनच दुसऱ्या महिन्याची फी द्यावी.