पाण्याच्या वाटेनं दख्खन

श्रोतेहो, नमस्कार.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला पाणचक्की दाखवायला नेलं होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दगडी हौद, त्यात मासे, काठावर मोठं वडाचं झाड आणि भिंतीवरून कोसळणारं पाणी. मला तेवढ्यानंच आनंद झाला होता. मग वडील मला हौदाच्या खालच्या दालनात घेऊन गेले. जाड खांबांवर उभं असलेलं थंडगार दालन. ते म्हणाले, "वर बघ. हे छत म्हणजे त्या हौदाचा तळ आहे." डोक्यावर एवढं पाणी आणि आम्ही कोरडे! मी विचारलं, "हे पाणी येतं कुठून?" वडिलांना ठाऊक नव्हतं. जवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उत्तरेकडच्या डोंगरांकडे हात केला.

त्या बोटाच्या दिशेनं मी पुढे अनेक वर्षं फिरलो. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या फिरण्याबद्दल.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ओळखीचे लोक विचारतात, "दख्खनमधल्या सुलतानांचा इतिहास बघायचाय, सहल कशी आखू?" त्यांच्याकडे एक यादी तयार असते. बिबी का मकबरा, गोल घुमट, इब्राहिम रोझा, बिदरच्या कबरी. यादी चांगलीच आहे, पण बघा, त्यात बहुतेक थडगी आहेत. थडगी पाहून राजा किती मोठा होता ते कळतं; त्याच्या शहरातली बाई सकाळी घागर कुठे भरायची, ते कळत नाही. आणि आपला हा मुलूख पर्जन्यछायेचा. नगर, मराठवाडा, विजापूर, सगळीकडे पावसाची वाट बघणारी माणसं. इथे राजधानी वसवायची तर आधी पाणी आणावं लागे. म्हणून माझं सांगणं असं, की सहल पाण्याच्या वाटेनं आखा. थडगी आणि मशिदी वाटेत येतीलच, आणि त्या अधिक समजतील.

आठ दिवस हाताशी ठेवा. तेवढी सुट्टी नसेल तर दोन खेपा करा, पण एका दिवसात चार ठिकाणं उरकू नका. मी एकदा तशी सहल केली आहे. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळाली, आणि घरी आल्यावर कुठला घुमट कुठल्या गावचा, हेच आठवेना.

सुरुवात बऱ्हाणपूरपासून करा. मध्य प्रदेशात असलं तरी भुसावळहून रेल्वेनं फार लांब नाही, आणि गावात मराठी सहज कानावर पडते. खानदेशच्या फारूकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेलं हे शहर. त्याचं नाव बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून पडलं, आणि नदीपलीकडच्या झैनाबादचं त्यांच्या परंपरेतल्या झैनुद्दीन शिराझींवरून. ही दोन नावं लक्षात ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा भेटतील.

बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे. 1615 च्या सुमाराला, अब्दुर्रहीम खानखानान इथले सुभेदार असताना, तो बांधला गेला. खानखानान म्हणजे आपण शाळेत ज्यांचे दोहे पाठ केले ते रहीम. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, बोगद्याला अगदी बेताचा उतार द्यायचा, आणि ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवायची. त्या तोंडांतून माती बाहेर काढता येते, हवा आत जाते आणि पुढे गाळ उपसायला माणूस उतरू शकतो. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनानं शहरापर्यंत चालत येतं. ही इराणची विद्या, तिकडे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. वाळवंटाच्या कडेला शिकलेली युक्ती सातपुड्याच्या पायथ्याशी कामाला आली. खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे का, हे निघण्याआधी गावात विचारून घ्या.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. सुलतानानं मशीद बांधली आणि तिची तिथी, शक, संवत संस्कृतात कोरून घेतले. तो शोधा, त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबा. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. ही नमाजाची जागा आहे, आणि ती वेळ तिथल्या लोकांची आहे. मुमताज महल 1631 साली याच गावी वारली, तिला आधी पुरलं ते झैनाबादच्या बागेत. शाही किल्ल्यातलं हमाम, म्हणजे स्नानगृह, तेही बघा. आणि बाजारात मावा जिलेबी मिळते, ती गरम असतानाच खा.

तिथून अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगर. इथे दोन दिवस राहा, कारण या शहराचा पाया घालणारा माणूस विलक्षण होता. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला, शेवटी दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं, 1624 ला भातवडीची लढाई जिंकली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढत होते. त्यानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच हे शहर. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. तिथे त्यानं उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून आणलं. ती नहर-ए-अंबरी. माझ्या लहानपणच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात केला होता, तो त्याच डोंगरांकडे.

पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची, अठराव्या शतकातली. बुखाऱ्याजवळच्या गावाहून आलेले बाबा शाह मुसाफिर इथे राहिले. त्यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळायला पाण्यावर फिरणारं जातं बसवलं. खापराच्या नळातून येणारं पाणी उंच भिंतीवर चढवायचं आणि वरून खाली सोडायचं, त्या जोरावर चाक फिरायचं. दळण, हौद, खालचं थंड दालन, सगळ्याला तेच एक पाणी. इथे दसरा-दिवाळीनंतर या. उन्हाळ्यात पाणी आटलेलं दिसलं तर निम्मी गोष्ट हरवते.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद आणि खुलताबाद. दौलताबादला सगळे बालेकिल्ल्याकडे धावतात. तुम्ही आधी हत्ती हौदाकडे वळा. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथे हलवली, असं आपण एका ओळीत शिकतो. एवढी माणसं प्यायची काय, हा प्रश्न हौदाच्या काठी उभं राहिल्यावर पडतो. याच किल्ल्याचे किल्लेदार म्हणून जनार्दनस्वामी ओळखले जातात, म्हणजे आपल्या एकनाथ महाराजांचे गुरू. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, आणि परंपरा त्यांना सूफी मानते. एकनाथांनी हिंदू आणि तुर्काचा वाद-संवाद भारुडात रचला, तो कुठल्या हवेत सुचला असेल, हे इथे फिरताना जाणवतं. मला ही जागा फार जवळची वाटते.

खुलताबादला ते दोन संत पुन्हा भेटतात, बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी. दोघांचे दर्गे समोरासमोर आहेत. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे. मलिक अंबरचं थडगंही याच गावात. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ असू द्या. काही दर्ग्यांत स्त्रियांना अगदी आतपर्यंत जाऊ देत नाहीत. दारातल्या मुजावरांना आधी विचारा, म्हणजे दोन्हीकडचा संकोच टळतो. फोटोचंही तसंच. उरूस गाठायचा असेल तर गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे उरूस दरवर्षी तेवढे दिवस आधी येतो. गर्दी नको असेल तरी तारीख माहीत हवीच.

पुढचा मुक्काम नगर, आताचं अहिल्यानगर. मलिक अहमद निजामशहानं 1494 मध्ये वसवलेलं. इथेही कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात येई. फराहबाग बघा. एकेकाळी तळ्याच्या मधोमध उभा असलेला हा महाल 1583 मध्ये पुरा झाला. भोवतीचं पाणी आज नाही, आणि दगड उघडेबोडके दिसतात. तरीही आतल्या दालनात गेलात की उन्हाची धग मागे राहते. पाण्यावरून येणारा वारा आत घ्यायचा, अशीच ती रचना आहे. संध्याकाळी ज्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात त्या डोंगरावर चढा. खरं तर ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र खिशात ठेवा आणि कधी सोडतात ते आधी विचारा. सवड असेल तर श्रीगोंद्याला जाऊन या. तिथे शेख महंमद महाराजांचं स्थान आहे. मराठीतले मुसलमान संतकवी, योगसंग्राम लिहिणारे, आणि त्यांचेही गुरू चांद बोधलेच.

नगरहून सोलापूरमार्गे विजापूर. दिवसभराचा प्रवास आहे, गाडीत झोपून घ्या. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये नगरला ओतली गेली. आधी ती परांड्याला होती, मग इथे आली. तुम्ही ज्या रस्त्यानं आलात, जवळपास त्याच रस्त्यानं ते धूड ओढत आणलं असणार.

गोल घुमटाला सकाळी दार उघडताक्षणी जा. वरच्या सज्जात कुजबूज पलीकडे ऐकू जाते खरी, पण एकदा शाळांच्या सहली आल्या की फक्त गोंगाट ऐकू येतो. मग उरलेला दिवस पाण्याला द्या. ताज बावडी ही साध्या विहिरीपेक्षा किती मोठी आहे, ते कमानीतून आत शिरल्यावर कळतं. भोवती मुशाफिरांना उतरायला खोल्या होत्या. शहराबाहेर 1651 चा बेगम तलाव. तिथून पाणी खापराच्या नळांनी शहरात येई, आणि वाटेत नळ फुटू नयेत म्हणून उंच चौकोनी मनोरे बांधलेले, त्यांना गंज म्हणतात. पाणी गंजात चढे, त्याचा जोर मोडे, आणि मग ते पुढे जाई. शहरात फिरताना असे गंज अजून दिसतात. लोक त्यांना खेटून दुकानं थाटतात, पाठीशी काय आहे याची कल्पना नसते. रिक्षावाल्याला गोल घुमट सांगितला तर तो लगेच निघतो, गंज सांगितला तर थांबून विचार करतो. तेव्हा जागा आधी नकाशात पाहून ठेवा.

तोरवीजवळ नवरसपूर आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं वसवायला घेतलेलं संगीताचं शहर. हा सुलतान सरस्वतीला वंदन करून गीतं लिहायचा, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. संगीत महालाच्या मोडक्या कमानी तेवढ्या उरल्या आहेत. हे शहर 1624 मध्ये उद्ध्वस्त केलं ते मलिक अंबरनं. खडकीला पाणी देणारा तोच माणूस. मला याचं अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच दोन्ही जागा एकाच सहलीत बघाव्यात असं मी म्हणतो.

गुलबर्ग्याला एक दुपार पुरते. किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद, जिला नेहमीसारखं उघडं अंगण नाही, सगळी छपराखाली. आणि सूफी संत ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा.

मग बिदर. बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली. त्यांचा वजीर महमूद गवान याचा 1472 चा मदरसा आहे, ज्याचा एकच मिनार उरलाय आणि त्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे. गवान इराणातल्या गीलानहून आलेला. खोट्या पत्राच्या कटात अडकवून त्याला 1481 मध्ये मारलं. अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वलीची कबर आहे, आतून रंगांनी भरलेली. हिंदू आणि मुसलमान दोघंही त्याला मानतात, आणि त्याचा उरूस हिंदू पंचांगावर धरतात. आतल्या अंधाराला डोळे सरावू द्या, मग छताकडे बघा. गल्लीत बिदरीकाम करणारे कारागीर बसलेले असतात. जस्ताच्या भांड्यावर चांदीची तार ठोकायची आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीनं धातू काळा करायचा. चांदी तशीच चमकत राहते. माती कशी निवडता ते त्यांना विचारा. काही जण ती जिभेवर ठेवून पारखतात.

शेवटची संध्याकाळ नौबादसाठी राखून ठेवा. बिदर शहराच्या कडेला, तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर, कारेझची तोंडं एका रेषेत दिसतात. जांभा पाणी मुरू देतो, खालचा काळा खडक ते अडवतो, आणि बरोबर तिथूनच बोगदा काढलाय. तोंडाजवळ कठडा नसेल तर लांबूनच बघा, मुलांचा हात धरा. गाड्यांचा आवाज जरा कमी झाला, की कान द्या. पाऊस चांगला झाला असेल तर खालून पाणी चालल्याचा आवाज येतो. मी गेलो तेव्हा तो आला होता. सोबत वडील नव्हते, पण मी त्यांना तिथूनच फोन केला आणि फोन त्या तोंडाशी धरला.

नमस्कार.