सीझनमधली तट्टं

नमस्कार श्रोतेहो.

थंडीत घोड्यांची निगा कशी राखायची, असा विषय मला दिलाय. पण आधीच सांगून टाकते, आमच्याकडे घोड्याला बाधेल अशी थंडीच नसते. अलिबाग, नागाव, मुरुडच्या किनाऱ्यावर जानेवारीतली पहाट 17-18 अंशांची. दव पडतं, आंब्याला मोहोर येतो, शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या पोपट्या लागतात आणि अकरा वाजले की वाळू तापते. 5 ते 25 अंशांची हवा घोड्याला मानवते. या हवेत झूल घातली तर बिचारं घामाघूम होईल.

मग हिवाळ्यात जड काय जातं? तर पर्यटकांची गर्दी. दिवाळीची सुट्टी, नाताळ, थर्टीफर्स्ट, जोडून आलेले शनिवार-रविवार. वर्षाची कमाई या दिवसांत आणि जनावराची झीजही याच दिवसांत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, गिऱ्हाईक नाही, तट्टं दावणीला उभी राहून खातात. त्यामुळे जपायचं ते आत्ताच.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी सात जनावरं आमच्या दावणीला आहेत. येणारे-जाणारे घोडे म्हणतात, पण आहेत ती तट्टं. खांद्यापाशी माझ्या हनुवटीला लागतील एवढी. पहाटे उठलं की वैरण टाकायच्या आधी मी ठाणावरची लीद बघते. किती पडली, सुटी आहे की घट्ट, चकाकते का. चहा त्यानंतर. घरात लहान मूल असलं की आई सकाळी बघतेच ना, तसंच. रात्रभरात लीद पडलीच नसेल तर ते जनावर त्या दिवशी किनाऱ्यावर जात नाही, मग समोर मुंबईच्या पाच बस उभ्या का असेनात.

याचं कारण घोड्याच्या पोटात आहे. एवढा धिप्पाड प्राणी, पण जठर लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. गाईसारखं रवंथ नाही. आणि घोड्याला उलटी करता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. कुरणात सोडला तर दिवसाचे चौदा-सोळा तास तो थोडं थोडं चरत राहतो. आपण त्याला सकाळी भरपेट घालतो, दिवसभर उपाशी पळवतो आणि रात्री दमून आल्यावर पुन्हा पाटीभर चंदी पुढ्यात ओततो. पोटशूळ उठायला आणखी काही लागत नाही. अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला साधारण पाच किलो सुकी वैरण लागते. ती चार-पाच वेळा विभागून द्या, आणि दुपारची वेळ चुकवू नका. चंदी म्हणजे भिजवलेले हरभरे आणि कोंडा. ती कामाप्रमाणे आणि बेतानेच.

आता किनाऱ्याची खास गोष्ट. वाळूवर वैरण टाकली की गवताबरोबर वाळू पोटात जाते. ती आतड्यात तळाला बसते, साठत जाते आणि एक दिवस वाट अडवते. घरी बघायचं असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत घ्या, पाणी घालून कुस्करा आणि पिशवी एका कोपऱ्यावर खिळ्याला टांगून ठेवा. अर्ध्या तासाने तो कोपरा चिमटीत धरा. बोटांना कचकच लागली की समजायचं. चमचाभर वाळू निघाली तरी मी डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करते. पण खरा उपाय आपला जुना तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची चाऱ्याची पिशवी. तोंडाला तोबरा बांधा, नाहीतर गवत घमेल्यात द्या. किनाऱ्यावर तोबरा बांधलेला दिसला की पर्यटकांना वाटतं, घोड्याचं तोंड बांधून ठेवलंय. बायका येऊन रागावतात. त्यांना मी तोबऱ्यातले हरभरे दाखवते.

पर्यटकांचा जीव असतो जनावरावर, पण तो बिस्किटांतून व्यक्त होतो. पाव, पेढे, चॉकलेट, वेफर. तट्टू हे काटकसरीत वाढलेलं जनावर, गोडधोड त्याला सोसत नाही. खुरांत दाह होतो, टाप गरम लागते, पुढचे पाय ताणून मागे रेलून उभं राहतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला होता. त्याचं स्मारक शेजारच्या रेवदंड्यात आहे. इथे घोड्यांना कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असं त्याने लिहून ठेवलंय. सुलतानांच्या घोड्यांना ती पचत असेल. माझ्या तट्टांना नको.

पाण्याचं बघा. पहाटे पाणी गार असतं, हवा गार असते, तट्टं कमी पितात. आणि सुक्या वैरणीवर पाणी कमी पडलं की लीद घट्ट झालीच. दिवसाला वीस-पंचवीस लिटर तरी पोटात जायला हवं, काम जास्त असेल तर त्याहून अधिक. त्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात. मचूळ पाण्याला तट्टू नुसतं नाक लावतं आणि मान फिरवतं. आपल्याला वाटतं तहान नाही. म्हणून आम्ही गोड्या पाण्याचे कॅन गाडीतून नेतो आणि चंदीत मीठ घालतो.

बादली ज्याची त्याला. सीझनपुरती घाटावरून जनावरं येतात, त्यांच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही. ग्लँडर्स हा रोग एकाच हौदावर पाणी पिण्याने पसरतो, माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर सरकारी नियमाने त्याला दयामरण द्यावं लागतं. नाकातून चिकट पिवळा स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी असं काही दिसलं तर लपवू नका. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं तर मुळीच नको.

संध्याकाळी खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला घोडागाड्या जातात, तेव्हा तट्टांचे पाय खाऱ्या पाण्यातून निघतात. मीठ तसंच सुकलं तर टापेला चिरा जातात आणि टापेमागच्या खळग्यात चिखल्या होतात. गोड्या पाण्याने पाय धुवायचे आणि मुख्य म्हणजे फडक्याने कोरडे करायचे. हे दुसरं काम पोरं नेमकी टाळतात. मग खोगीर काढून नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड घडी, उलटा करून हात फिरवायचा. वाळूचा एक कण, वळलेली एक शिवण, आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर रुपयाएवढी जखम. केस दबलेत, कातडी गरम लागतेय, एवढं जरी दिसलं तरी त्या पाठीला सुट्टी. तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागी बोटं घालून बघा, तिथे लवकर सोलतं.

आमची चंद्री म्हातारी झालीये. तिच्या घमेल्यात गवताचे ओले, अर्धवट चावलेले बोळे पडलेले दिसायचे. आमचे हे म्हणायचे, खोडी आहे तिची. डॉक्टरांनी तोंड उघडून दाढा दाखवल्या. कडा सुरीसारख्या धारदार, गालाला आतून जखमा. दाढा कानशीने घासून घेतल्यावर ती नीट खायला लागली. आता तिला कोंडा भिजवून देतो आणि पाठीवर फक्त लहान मुलं.

ओझ्याबद्दल कायदा आहे. 1965 चे भारवाहू जनावरांचे नियम तट्टाच्या पाठीवर 70 किलोंपेक्षा जास्त ओझं नको म्हणतात. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती. हे अंक आमच्या पोरांना पाठ हवेत. नव्वद किलोचे गृहस्थ येतात, मोबाईल काढून ठेवलेला असतो, "पैसे जास्त देतो" म्हणतात. मी सांगते, "दादा, तुम्ही शेजारून चाला, मुलीला बसवा, फोटो छान येईल." बहुतेक जण ऐकतात. थोडे चिडतात, आणि पुढच्या गाडीवाल्याकडे जातात. तो बसवतो. याचं मला वाईट वाटतं, पण सगळ्या किनाऱ्यावर एक दर आणि एक नियम ठरल्याशिवाय हे थांबणार नाही. थर्टीफर्स्टला आमची तट्टं दिवेलागणीला घरी असतात. फटाके आणि डीजेत बिथरलेलं जनावर गर्दीत घुसलं तर लगाम काय कामाचा?

पोटशूळ ओळखायला शिका. तट्टू वळून कुशीकडे बघतं, पायाने जमीन उकरतं, लोळतं, कोरड्या हवेत घाम फुटतो. वैरण काढून घ्या आणि 1962 या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला किंवा जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावा. डॉक्टर येईपर्यंत हळूहळू चालवा. बाटलीने तेल, दारू, काढा ओतू नका. घशातून ते फुफ्फुसात उतरलं तर पोटाऐवजी श्वासाने जनावर जातं.

सव्वीस जानेवारीची गर्दी ओसरली की नालबंदाला बोलवा. सहा-सात आठवड्यांनी टाप छाटायलाच लागते, सीझन आहे म्हणून ती वाढायची थांबत नाही. जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून घ्या. कंपाउंडच्या कडेची कण्हेर तोडा. बंगलेवाले हौसेने लावतात, पण तिची सुकलेली पानंही घोड्याला विषारी. आणि पावसाळ्याचं गवत आत्ताच भरा, पुढे भाव चढतो. भारा घेताना वरवर बघू नका, मधे हात घालून मूठभर ओढून काढा आणि वास घ्या. नोव्हेंबरच्या अवकाळीत भिजलेलं गवत वरून सोनेरी आणि आत काळं असतं, झटकलं की बुरशीचा धूर उडतो. तो भारा तिथल्या तिथे परत करा, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं तरी.

नमस्कार.