कागद एक, यंत्रं अनेक

(वडोदऱ्यातल्या मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कुणाच्या पाकिटात शंभराची किंवा पाचशेची नोट असेल तर ती काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून हलकेच बोट फिरवा. चित्र किंचित वर आलेलं जाणवेल. ती इंटॅग्लिओ छपाई. धातूच्या पत्र्यात कोरलेल्या खाचांत शाई भरायची आणि कागद इतक्या जोरानं दाबायचा की तो खाचेतली शाई उचलून आणतो. चित्रामागची बारीक नक्षी आणि एकमेकींत मिसळत जाणाऱ्या फिकट छटा हे ऑफसेटचं, म्हणजे सपाट प्लेटवरून रबराच्या रुळामार्फत होणाऱ्या छपाईचं काम. आणि नोटेचा क्रमांक लेटरप्रेसचा, म्हणजे उठावाच्या आकड्यांची चाकं, दर छापाला पुढं सरकणारी. देशातलं सगळ्यात जोखमीचं छापकाम नाशिकला आणि देवासला चालतं, आणि तिथं या तिन्ही पद्धती एकाच कागदावर नांदतात.

माझ्या सासऱ्यांनी काढलेला छापखाना मी चालवते. मला लोक नेहमी विचारतात, “डिजिटल आलं, आता ऑफसेटचं काय?” त्याआधी सासऱ्यांना विचारायचे, “ऑफसेट आलं, आता खिळ्यांचं, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचं, काय?” विचारणाऱ्यांच्या मनात दोन पैलवान असतात, एक चीत झाला की कुस्ती संपली. छापखान्यात वाटणी होते ती कामाच्या आत. त्याच कामातला हा भाग याच्याकडे, तो भाग त्याच्याकडे. ही वाटणी सतत बदलत असते आणि ती नीट ओळखता येणं हाच आजचा आमचा धंदा आहे.

वडोदऱ्याला हे नवं नाही. इथले दिवाण राहिलेल्या सर टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्याला सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना इतकी मागणी आहे, तर ती छापून का घेत नाही? पुढं १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईत शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि एका चित्रासाठी तोच कागद पुन्हा पुन्हा छापायचा. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या त्या अशा. धंद्यातून ती शिळा कधीच गेली. पण आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत मुद्राचित्रण आजही हातानं शिकवलं जातं. आणि जे तत्त्व आलोइस झेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास शिळेवर शोधलं, की तेलकट शाई आणि पाणी एकमेकांना दूर ठेवतात, तेच आजच्या प्रत्येक ऑफसेट यंत्रात चालतं. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली. १९०४ मध्ये अमेरिकेत आयरा रूबेलनं मध्ये रबराचा रूळ आणला, प्लेटवरची शाई आधी रबरावर आणि रबरावरून कागदावर. एवढाच फरक. म्हणून शिळाछाप मेली असं मी म्हणत नाही.

आता पैशाचं गणित. ऑफसेटला पूर्वतयारी फार. चार रंगांच्या चार प्लेटा काढा, यंत्रावर चढवा, पाणी-शाईचा मेळ बसवा, चारही रंग नेमके एकावर एक आणा. याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो, आणि ते जुळेपर्यंत शे-दोनशे ताव रद्दीत जातात. पण एकदा मशीन लागलं की तासाला आठ-दहा हजार ताव सहज निघतात, आणि तयारीचा खर्च तेवढ्या तावांवर वाटला जातो. डिजिटलला प्लेटच नाही, संगणकातून मजकूर थेट यंत्रावर. पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत सारख्याच भावाची, कारण यंत्राच्या कंपनीला दर छापामागं क्लिकचे पैसे मोजावे लागतात. इंडिगो आणि झायकॉनची रंगीत डिजिटल यंत्रं १९९३ साली बाजारात आली, तेव्हापासून सगळी ओढाताण या एका आकड्याभोवती आहे: किती प्रती? शंभर असतील तर डिजिटल, पाच हजार असतील तर ऑफसेट. मधल्या पट्ट्यात कागद, रंग आणि घाई बघून ठरवावं लागतं. एखाद्या कंपनीचा ठरावीक निळा हवा असेल, तर ऑफसेटमध्ये ती शाई वेगळी घोटून घेता येते. चार रंगांच्या ठिपक्यांतून तो निळा दर वेळी हुबेहूब येईलच असं नाही.

पण मला खरं प्रेम आहे ते आमच्या ट्रेडलवर, खिळ्यांनी छापणाऱ्या जुन्या छोट्या यंत्रावर. सासऱ्यांच्या काळात तिच्यावर मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोतऱ्या, हँडबिलं, सगळं छापलं जायचं. आज तिच्यावरचे शाईचे रूळ बहुतेक वेळ काढून ठेवलेले असतात, आणि तरी ती दिवसभर चालते. का? टोनर, म्हणजे डिजिटल यंत्राची पूड-शाई, कागदात मुरत नाही, उष्णतेनं वितळून वर बसतो. गडद रंगाचं जाड कार्ड डिजिटलवर छापलं आणि सरळ दुमडलं, तर घडीवर टोनर फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून आधी ट्रेडलवर क्रिझिंग करायचं: बोथट पोलादी पट्टीनं कागदात सरळ खोबण दाबायची, मग घडी घालायची. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेनं असेल तर आणखी छान. पाकिटाचा आकार कापायचा तर प्लायवूडमध्ये धारदार पट्ट्या बसवलेली डाय याच ट्रेडलवर चढते. पावतीपुस्तकांचं परफोरेशन, म्हणजे फाडायच्या रेघेवरची बारीक भोकं, तिच्यावर, आणि त्यापुरते रूळ परत चढवून नंबरिंगही तिच्यावर. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, व्यापाऱ्यांची बिलं संगणकावर गेली, आमची बिलबुकं कमी झाली. संस्थांच्या आणि देवस्थानांच्या पावत्या मात्र अजून नंबर घालूनच मागतात. सर्वांत नव्या यंत्राचं काम सर्वांत जुन्या यंत्रावरून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देता येत नाही, हे मी रोज बघते.

आपल्या शहरातलं याहून मोठं उदाहरण औषधांचं. अलेम्बिक इथं १९०७ साली सुरू झाली, आणि आज वडोदऱ्याच्या आसपास औषधांचे कारखाने पुष्कळ आहेत. औषधाची खोकी लाखांनी लागतात. ती ऑफसेटवरच छापली जाणार, डिजिटलला तो भाव परवडणार नाही. पण बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख हे दर बॅचला बदलतं. पूर्वी त्यासाठी रबरी स्टिरिओ असायचे, अक्षरं जुळवून खोक्यावर शिक्का मारल्यासारखा छाप. मग इंकजेट आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून केंद्र सरकारनं खपातल्या ३०० ब्रँडांच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक असं सगळं असतं. बॅच बदलली की कोड बदलतो, तो आधी छापून ठेवता येत नाही. म्हणून खोकं ऑफसेटवर छापतात, कोडापुरती जागा मोकळी ठेवतात, आणि तो चौकोन शेवटी कारखान्यात डिजिटल यंत्र भरतं. पुढच्या वेळी गोळ्यांचं खोकं हातात आलं की तो चौकोन नीट बघा. त्याचा काळा आणि शेजारच्या अक्षरांचा काळा वेगळा दिसेल.

फ्लेक्सच्या फलकांबद्दल मी फार बोलणार नाही. तिथं मात्र वाटणी झालीच नाही. पाट्या रंगवणारे हात गेले, आणि त्यांच्याबरोबर देवनागरीची एक वळणदार, मोकळी घडण रस्त्यांवरून गेली. त्याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या, म्हणजे बडोद्यातल्या मराठी माणसांच्या पुस्तकांकडे येते. ज्या राज्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण सर्वत्र लागू केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालयं उभी केली, तिथं मराठी पुस्तक छापणं हे आज थोड्या लोकांसाठी करायचं काम झालं आहे. ऑफसेटच्या काळात कवी पाचशे प्रती काढायचा, दीडशे वाटायचा, उरलेल्या माळ्यावर. आता मी साठ प्रती काढून देते, संपल्या की आणखी वीस. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला डिजिटलनं दिलेला हा मोठा आधार आहे, आणि ऑफसेटवर जीव असूनही मी तो मनापासून मान्य करते.

पण या सोयीत एक गोष्ट निसटते आहे. खिळे जुळवणारा माणूस प्रत्येक अक्षर हातात घ्यायचा. मग गॅली प्रूफ, म्हणजे सलग मजकुराचा तपासायचा छाप, मग पान प्रूफ, मग फर्मा, म्हणजे एकत्र बसवलेली पानं, यंत्रावर. एवढ्या टप्प्यांत चूक कुठंतरी अडायची. आता लेखकाची फाइल येते आणि तासाभरात पुस्तक होतं. गेल्या दिवाळीत एका प्रवासवर्णनात हिमालयातल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या, डोंगरात समुद्र! मराठीचा हा अर्धा र जुन्या फाँटांत वेगळ्या कळीवर असतो, आणि रूपांतरात तो सहज हरवतो. श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या मराठी फाँटांत वर्षांपूर्वी जुळवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फाँट नसला, तर पडद्यावर निव्वळ रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. शिशाचे खिळे वितळवून पुन्हा ओतता यायचे. हा मजकूर रूपांतर केला तरी अक्षर न् अक्षर तपासावा लागतो, नाहीतर पुन्हा टाइप करावा लागतो.

म्हणून इथं बसलेल्या लिहिणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच उघडणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. पीडीएफ झाल्यावर ती कागदावर काढून एकदा वाचा, पडद्यावर वाचून भागत नाही. छापखान्यात केलेल्या दुरुस्त्या शेवटच्या फाइलमध्ये आल्या आहेत का ते विचारा, आणि ती फाइल, पीडीएफ नव्हे, ज्यात अक्षर बदलता येतं ती मूळ फाइल, छापखान्याकडून मागून घ्या. बरेच लेखक ती मागतच नाहीत. माझ्याकडे ज्यांची पुस्तकं झाली आहेत त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावं, मी आनंदानं देईन.